बोडकी : एका शिवीचा इतिहास

आज केसांबद्दल बोलायचं आहे. तेल कोणतं लावायचं, शिकेकाई कुठली चांगली, हे शेवटी थोडं येईल, पण आधी जरा मागे जाऊ.

आपल्या भाषेत केस किती ठिकाणी आहेत बघा. विश्वासघात झाला की आपण म्हणतो, केसानं गळा कापला. लेकराला जपायचं असलं की म्हणतो, त्याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. आणि दोन बायकांचं नळावर किंवा बांधावर जुंपलं की त्यातली एक दुसरीला 'बोडकी' म्हणते. हा शब्द आजही कानावर येतो. म्हणणारीला आणि ऐकणारीला एवढंच ठाऊक असतं की ही वाईट शिवी आहे. ती आली कुठून, हे मात्र आता फार थोड्यांना माहीत असतं.

बोडकं म्हणजे केस नसलेलं, उघडं डोकं. नवरा मेला की बाईचे सगळे केस वस्तऱ्यानं काढायचे, अशी रीत आपल्याकडे होती. तिला केशवपन म्हणत. ही रीत सगळ्या जातींत नव्हती, हे पहिल्यांदा नीट सांगितलं पाहिजे. ती मुख्यतः ब्राह्मणांच्या घरांत आणि त्यांचं वळण उचलणाऱ्या काही घरांत होती. मराठा, माळी, कुणबी, धनगर आणि इतर कितीतरी समाजांत विधवेचा पाट लागायचा, मोहतूर लागायचा. तिच्या डोक्याला कोणी हात लावत नसे. पण वरच्या घरात जे चालतं ते खाली झिरपतं. पाट लावणं कमीपणाचं मानणं, विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणं, हे हळूहळू आपल्याही घरांत आलं. ज्या घरात कधी न्हावी आला नाही, त्या घरातही 'बोडकी' ही शिवी येऊन बसली.

हे प्रत्यक्षात कसं व्हायचं? नवऱ्याच्या मरणानंतर ठरलेल्या दिवशी न्हावी घरी बोलावला जाई. बाई एका कोपऱ्यात किंवा मागल्या दारी बसे. कुंकू पुसलेलं असे, बांगड्या फोडलेल्या असत, त्यात आता केस जात. नेसायला आलवण मिळे, म्हणजे जाडंभरडं तांबडं लुगडं. चोळी बंद. आणि हे एकदाच होऊन संपत नसे. केस उगवतात ना! म्हणून न्हावी दर काही दिवसांनी पुन्हा येई, आणि ते मरेपर्यंत चाले. आठ-दहा वर्षांची पोर विधवा झाली तर कधी कधी ती वयात येईपर्यंत थांबत. मग एके दिवशी कोणीतरी ठरवे की आता पुरे. ज्या वयात आपल्या मुली दोन वेण्यांना रिबिनी बांधून शाळेत जातात, त्या वयाची ती पोर असे.

वपन न केलेल्या विधवेला 'सकेशा' म्हणत, म्हणजे केस असलेली. तिच्या हातचं पाणी देवाला आणि पितरांना चालत नसे, श्राद्धाच्या स्वयंपाकाला तिला चुलीजवळ येऊ देत नसत. वपन केलेली 'सोवळी' झाली की मात्र तिनं दिवसभर ओलेत्यानं राबून सगळ्या घराचा स्वयंपाक केलेला चालत असे. यातली सोय कोणाची होती, ते तुम्हीच ओळखा. पगार नाही, वाटणी नाही, माहेरी जायचं नाव नाही, अशी एक बाई जन्मभर घरात कामाला मिळायची.

याला शास्त्राचा आधार काय? विचारलं की काशीखंडाकडे बोट दाखवत. स्कंदपुराणाचा तो एक भाग आहे. विधवेनं केस बांधले तर परलोकात तिचा नवरा बांधला जातो, असं त्यात म्हटलेलं आहे. भारतरत्न पां. वा. काणे धर्मशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. जुने ग्रंथ तपासून त्यांनी लिहून ठेवलं की ही रीत प्राचीन नाही, पुष्कळ नंतरची आहे. म्हणजे अनादी काळापासून चालत आलंय असं सांगून ज्यांचे केस काढले, त्यांना खोटंच सांगितलं गेलं होतं.

१८५६ साली इंग्रज सरकारनं विधवाविवाहाचा कायदा केला. विधवेचं लग्न कायदेशीर झालं. पण वस्तऱ्याबद्दल कायदा काहीच बोलला नाही, आणि कागदावर लग्नाची परवानगी असून घरातल्या डोकं भादरलेल्या पोरीला मागणी घालायला येणार तरी कोण?

याच सुमाराला पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांनी एक काम सुरू केलं. १८६३ साली त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसलेल्या विधवांनी तिथं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल मारू नये, हवं तर मागे ठेवून जावं. एका काशीबाई नावाच्या विधवेनं बदनामीच्या भीतीनं मूल मारलं म्हणून तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. १८८४ साली जोतिबांनी सरकारला लिहिलेल्या मतात नोंदवलं आहे की तोवर पस्तीस विधवा या घरात येऊन गेल्या. त्यांची बाळंतपणं करायला सावित्रीबाई होत्या. यशवंत हा त्यांचा दत्तक मुलगा अशाच एका विधवेचा. आणि १८८४ च्या त्याच मतात जोतिबांनी आणखी एक गोष्ट मागितली. न्हाव्यांना विधवांचे केस काढू देऊ नयेत. बाईला उपदेश नाही, तिच्या सासऱ्याला विनंती नाही, थेट वस्तऱ्यावरच बोट!

त्याच्या दोन वर्षं आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. ताराबाई मराठा. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, ते वाचून त्या पेटल्या. स्वतःच्या जातीत जे होत नाही त्याबद्दल कशाला लिहायचं, असं त्यांना वाटलं नाही. बायको मेली तर पुरुष दहाव्या दिवशी दुसरी करायला मोकळा, मग नवरा मेला तर बाईचंच तोंड झाकून तिला अंधारात का बसवायचं, हा त्यांचा रोख होता. ते पुस्तक सुमारे शंभर वर्षं विसरलं गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा आपल्याला कळलं की बुलढाण्याला अशी एक बाई होऊन गेली.

आता न्हाव्यांकडे वळते, कारण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडणारी गोष्ट त्यांची आहे.

१८९० सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. शेकडो न्हावी जमले. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. हे सत्यशोधक समाजाचे, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. आज रविवारची सुट्टी मिळते त्यामागे ज्यांची खटपट होती, तेच हे लोखंडे. त्या सभेत न्हाव्यांनी ठरवलं की यापुढे आपण विधवांची डोकी भादरायची नाहीत. ही बातमी पार विलायतेच्या वर्तमानपत्रापर्यंत गेली.

यात न्हाव्यांनी काय पणाला लावलं ते बघा. विधवेचं वपन म्हणजे कायमचं गिऱ्हाईक. पुरुष एखादे वेळी हजामत लांबवेल, विधवेचं डोकं लांबवता येत नाही. ते उत्पन्न त्यांनी आपण होऊन सोडलं. खेड्यातल्या न्हाव्याचं तर आणखी अवघड, तो बलुतेदार. मोठ्या घराला नाही म्हणायचं म्हणजे सुगीला बलुतं मिळेल की नाही, याची चिंता. आणि ज्या घरात त्याला ओसरीच्या आत घेत नसत, त्या घरातल्या बाईसाठी तो हे करत होता. घरचे बाप, भाऊ, दीर, सासरे जे करत नव्हते, ते हातावर पोट असलेल्या माणसांनी केलं. या संपानं रीत बंद पडली का? नाही पडली. कोणीतरी न्हावी मिळतच राहिला. पण हे काम वाईट आहे, असं ते करणाऱ्यांनीच चारचौघांत म्हटलं, आणि ते पुसता आलं नाही.

त्याआधी काही महिने, १८८९ च्या डिसेंबरात, मुंबईत सामाजिक परिषद भरली होती. विधवांच्या केशवपनाविरुद्ध ठराव आला, आणि त्यावर बोलायला पुरुषांनी भरलेल्या मंडपात एक विधवा उभी राहिली. त्या पंडिता रमाबाई. संस्कृतच्या पंडित, नवरा गेलेला, पदरी लहान मुलगी. त्याच वर्षी ११ मार्चला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं होतं. विधवांसाठी शाळा आणि राहायची सोय. रमाबाईंची छायाचित्रं पाहिलीत तर त्यांचे केस आखूड कापलेले दिसतील. पुष्कळांना यात विसंगती वाटते. केशवपनाविरुद्ध बोलणाऱ्या बाईनं स्वतःचे केस का कापावेत? मला यात विसंगती दिसत नाही. रमाबाईंनी ते आपल्या मर्जीनं कापले होते, वस्तरा घेऊन कोणी त्यांच्या दारात उभं राहिलं नव्हतं.

शारदा सदनात अगदी सुरुवातीला आलेल्या मुलींमध्ये एक होती देवरुखची गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी लग्न झालं, थोड्याच महिन्यांत नवरा वारला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत ती विधवा झाली. पुढे सासरी राबत राहिली, डोक्यावरचे केस गेले. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईला होता. त्यानं तिला आणून रमाबाईंच्या स्वाधीन केलं. तेव्हा ती विशी ओलांडलेली होती आणि तिची अक्षरओळख तिथून सुरू झाली. तिथं तिनं केस वाढवायला सुरुवात केली.

इथं आपण जरा थांबू. 'केस वाढवले' हे दोन शब्द म्हणायला सोपे आहेत. ज्यांचे केस कधी ना कधी मनाविरुद्ध गेलेत, आजारपणात, उवांमुळे, पार्लरमध्ये कुणी सांगितल्यापेक्षा जास्त कापले म्हणून, त्यांना ठाऊक आहे की त्यात किती दिवस जातात. डोक्याचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे अर्धा इंच. वर्षाला पंधरा सेंटीमीटर, एक वीत म्हणायला हरकत नाही. वस्तऱ्यानं गोटा केलेल्या डोक्यावर पहिले दोन-तीन महिने नुसते खुंट. मग साळिंदरासारखे उभे राहणारे केस. त्यावर पदर ठरत नाही, सारखा घसरतो. सहा-आठ महिन्यांनी कानांवर येतात, मानेवर टोचतात, बांधता येत नाहीत. खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं, नीट अंबाडा घालायला आणखी वर्ष-दीड वर्ष.

आता विचार करा. सती जाणं, लग्न करणं, घर सोडणं, या गोष्टी एका दिवसात होतात. केस वाढवणं एका दिवसात होत नाही. ती बाई रोज सकाळी उठून कालच्यापेक्षा किंचित जास्त केस घेऊन चारचौघांत वावरते, आणि रोज कोणीतरी विचारतं, न्हावी आला नाही वाटतं? घरी हे जमलंच नसतं, पहिल्या खुंटालाच पकडली असती. म्हणून चार बायका एकत्र राहतील अशी जागा लागली. शारदा सदनात शिकवत किती याची चर्चा पुष्कळ होते. माझ्या मते तिथं केस वाढायला वेळ मिळाला, हीही तितकीच मोठी गोष्ट होती.

गोदूबाई १८८९ ला आली. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदन उघडलं त्याच तारखेला, चार वर्षांनी, तिनं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केलं. कर्वे विधुर होते आणि त्यांनी ठरवलं होतं की करीन तर विधवेशीच. अर्ध्या इंचाचा हिशेब मांडला तर लग्नात तिच्या पाठीवर चांगले दोन फूट केस असायला हरकत नाही. हा हिशेब माझा, तो कुठल्या पुस्तकात शोधू नका. लग्नानंतर कर्व्यांच्या मुरुड गावानं त्यांच्या घराला वाळीत टाकलं. त्यांच्या आईशी, भावंडांशी कोणी पंक्तीला बसेना. गोदूबाईची आता आनंदीबाई कर्वे झाली होती, सगळे त्यांना बाया म्हणत. म्हातारपणी त्यांनी आपली हकिकत सांगितली, ती 'माझे पुराण' या नावानं छापलेली आहे. मिळालं तर गटात वाचा. कुठेही रडगाणं नाही, आणि नवऱ्याचीही त्या गय करत नाहीत.

याच घरातली दुसरी बहीण पार्वतीबाई आठवले. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास ती विधवा झाली, पदरी एक मूल. तिचंही वपन झालं. पुढे ती कर्व्यांच्या आश्रमात आली, म्हणजे हिंगण्याला. शिकली, शिकवायला लागली, मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरायला लागली. थोरल्या आश्रमात, सुधारक मेव्हण्याच्या घराशेजारी राहूनही पार्वतीबाईंनी कितीतरी वर्षं वपन चालू ठेवलं. धाकट्या वयात गोदूबाईंनी जे केलं, ते पार्वतीबाईंनी चाळिशीच्या पुढेमागे केलं.

काही लोक म्हणतात, मग ती घाबरट होती. मला तसं वाटत नाही. सोवळ्या बाईला जुन्या वळणाच्या घरात थेट माजघरापर्यंत वाट असते. तिच्यासमोर सासवा सुना पाठवतात, तिच्या शब्दावर विधवा मुलगी आश्रमात धाडतात. केस वाढवले की तोच दरवाजा लागायचा. आणि दुसरंही आहे. वीस वर्षं एखादी गोष्ट धर्म म्हणून पाळली की ती सोडताना हात थरथरतो, मग डोक्याला कितीही पटलेलं असो. पार्वतीबाईंनी आपल्या 'माझी कहाणी' या पुस्तकात ही ओढाताण लपवलेली नाही. शेवटी त्यांनी वस्तरा बंद केला. लोक हसले, बोलले. त्या वर्गणी मागत राहिल्या. १९१८ साली इंग्रजी जेमतेम येत असताना त्या आश्रमाच्या कामासाठी अमेरिकेला गेल्या, पोटासाठी तिथं घरकामं केली आणि दोन वर्षांनी निधी घेऊन परत आल्या.

सगळ्यांना आश्रम मिळाला नाही, हेही सांगायला हवं. हरी नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात येत होती. तिच्यातल्या यमूचं वपन सासरचे लोक जबरदस्तीनं करतात. पुण्या-मुंबईच्या घरांत बायका ते वाचून रडल्या, कारण यमू त्यांच्या ओळखीची होती. घरोघर होत्या तशा. १९३०-४० नंतर ही रीत ओसरत गेली, पण साठी-सत्तरीच्या पुढच्या काही जणींना गावातली एखादी तांबड्या आलवणातली आजी अजून आठवत असेल.

आता उलट्या बाजूची एक गोष्ट, आणि ही जुनी नाही. केस न काढू देण्याची जबरदस्तीही असते. एखाद्या बाईच्या केसांत गुंता होतो, तेल-फणी राहते, घाम, धूळ, उवा यांनी तो घट्ट होतो आणि त्याची जट बनते. मग कोणीतरी म्हणतं, देवीचं बोलावणं आलं. पूर्वी यल्लम्माच्या नावानं अशा मुलींना देवदासी म्हणून सोडत. आता देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा आहे, पण जट कापली तर घरावर कोप होईल, ही भीती अजून पुष्कळ घरांत आहे. जट ओली राहते, वास येतो, आत जखमा होतात, मान दुखते, रात्री कुशीवर झोपता येत नाही. जटेत देवी नसते, गुंता असतो, आणि तो सुटत नाही, कापावाच लागतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्या गावोगाव जाऊन जट काढून देतात. त्या आधी बसून बोलतात, कधी चार-चार खेपा घालतात, बाईनं स्वतः हो म्हटल्याशिवाय कात्री लावत नाहीत. मला वाटतं हीच खरी रीत. आज विधवेला धरून डोकं करणं जितकं चूक म्हणतो, तितकंच जटवालीला धरून जट कापणं चूक आहे.

जट निघाली, किंवा टायफॉइडनं, बाळंतपणानंतर, कॅन्सरच्या औषधांनी केस गेले, की प्रश्न तोच असतो. वाढेपर्यंत काय करायचं? गेल्या महिन्यात दोन गटांनी हेच विचारलं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. मोठा ताप किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात. घाबरू नका, मूळ शाबूत असतं, बहुतेक वेळा सहा महिने ते वर्षभरात ते भरून येतात. गोटा केल्यानं केस दाट येतात, हे खरं नाही. लेकींची डोकी त्या आशेनं भादरू नका. केसाचा बाहेरचा भाग निर्जीव असतो, म्हणून सरळ करायच्या औषधानं किंवा रंगानं जळलेला केस कशानंही पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तो कापत जायचा आणि नवा येऊ द्यायचा. टोकं कापल्यानं वाढ वेगात होत नाही, फक्त फाटे वर चढत नाहीत. धुण्याआधी खोबरेल लावलं तर केस कमी तुटतात. ओल्या केसांवर बारीक फणी ओढू नका, पंचानं झटकू नका. अंबाडा कपाळाची कातडी ताणेल इतका घट्ट नको, त्यानं पुढचे केस कायमचे मागे हटतात. आणि केस सारखे गळत असतील तर तेल बदलण्याआधी आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्या. आपल्याकडे पुष्कळ जणींचं रक्त कमी असतं, आणि त्यानंही केस गळू शकतात. डोक्यावर गोल चट्टा पडून केस गेले असतील तर घरगुती लेप नकोत, दवाखाना.

परत मूळ गोष्टीकडे. वपन गेलं, पण कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे कुठं गेलं? ते आपल्या सगळ्यांच्याच गावात आहे, सगळ्या जातींत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. त्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला. पुढच्या दोन आठवड्यांत, १७ मे रोजी, राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. नंतर बऱ्याच गावांनी ठराव केले. ठराव केला आणि अंत्यविधीच्या वेळी कोणी पुढे झालं नाही, असंही पुष्कळ ठिकाणी घडतं. ते अवघड आहे, कबूल. त्या वेळी घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि जुन्या बायाच बांगड्यांकडे हात नेतात. म्हणून काही गटांनी असं ठरवलेलं ऐकलं की गावात मयत झाली की गटातल्या दोघीजणी त्या बाईच्या दोन्ही बाजूंना बसायच्या. बोलायचं काही नाही, नुसते तिचे हात आपल्या हातात धरून ठेवायचे.

तुमच्याकडून एक काम हवं आहे. तुमच्या गावात ऐंशीच्या पुढच्या कोणी आजी असतील तर त्यांना विचारा, आलवणातली बाई पाहिली होती का, तिला काय म्हणून हाक मारत, तिचे केस काढायला कोण येई, आणि ते कधी बंद झालं. विशेष करून न्हावी समाजातल्या जुन्या घरांत विचारा. कोणाच्या पणजोबांनी किंवा आजोबांनी या कामाला नकार दिल्याची आठवण त्या घरात सांगत असतील तर ती लिहून घ्या, मोबाईलवर बोलणं भरून घ्या आणि बाजाराच्या दिवशी केंद्रावर आणून द्या. पुढच्या महिन्यात आपण त्या आवाजांतच कार्यक्रम करू.